लाखेचे पॉलिश

लाकडी सामानाच्या दुकानात शिरलेले गिऱ्हाईक कपाटाचे सांधे तपासण्यापूर्वी त्याच्या दारावरून तळहात फिरवते. फळी किती जाडीची आहे, लाकूड पुरते मुरलेले आहे की नाही, बिजागऱ्या कोणत्या आहेत, हे प्रश्न मागाहून येतात. हाताला गुळगुळीत लागले की अर्धा सौदा तेथेच होतो. सुतारांना याचे मनातून वैषम्य वाटते, आणि ते अगदीच अस्थानी नाही. महिनाभर खपून ज्याने कपाट उभे केले त्याच्या कामाचे मोल शेवटचे आठ दिवस ज्याने बोळा फिरवला त्याच्या कामावरून ठरावे, हा न्याय विचित्रच खरा. परंतु पॉलिशवाल्याचीही बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. त्याचे म्हणणे असे की, पॉलिशने सुताराची चूक झाकत नाही, उलट ती उजेडात येते. रंध्याने उठलेली बारीक लहर, पटाशीची निसटती खूण, सरसाचा पुसायचा राहून गेलेला थेंब, यांतले काहीही कोऱ्या लाकडावर सहसा नजरेस येत नाही. चकाकी चढली की ते सारे आरशातल्या डागासारखे दिसू लागते.

हाताने करावयाच्या पॉलिशांत आपल्याकडे सर्वांत रुळलेले ते लाखेचे. बाजारात त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. बोळ्याने लाखेचे अतिशय पातळ थर चढवीत जाण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये मान्यता पावली, तेथून इंग्लंडात गेली आणि इंग्रजी धाटणीच्या खुर्च्या-मेजांबरोबर हिंदुस्थानात आली. पद्धत परकी खरी, पण तिच्यासाठी लागणारी लाख मात्र युरोपला बव्हंशी येथूनच जात असे. येथील कारागिरांना लाखेचा परिचयही नवा नव्हता. सावंतवाडीची किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी आजही लाखेनेच रंगतात. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते. कपाटाचे दार चरकावर फिरवता येत नाही. तेथे उष्णतेचे काम स्पिरिटला करावे लागते, एवढाच काय तो फरक.

लाख म्हणजे झाडाचा डिंक, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. एक अतिशय सूक्ष्म कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर हजारोंच्या संख्येने वस्ती करतो, सालीत सोंड खुपसून रस शोषतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी अंगाभोवती राळेसारखा पदार्थ स्रवतो. शेजारशेजारच्या कीटकांची ही कवचे एकमेकांना चिकटून डहाळीभोवती खडबडीत, तांबूस पुटे तयार होतात. तीच लाख. पळस-बोरीवरच्या लाखेला रंगीनी आणि कुसुमावरच्या लाखेला कुसमी म्हणतात. कुसमी लाख रंगाने उजळ असल्यामुळे तिला भाव अधिक येतो. दोन्हींची वर्षाला दोन-दोन पिके निघतात. झारखंड आणि छत्तीसगड ही लाखेची मुख्य राज्ये. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूसही ती थोडीफार होते. हे पीक घेणारा बहुतेक वर्ग आदिवासी शेतकऱ्यांचा आहे. ज्या पळसाचा फुलांपलीकडे आणि पत्रावळींपलीकडे उपयोग नाही असे शहरवासीयांना वाटते, तो पळस या घरांना शेतीचे काम नसलेल्या दिवसांत रोख पैसा देतो. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तिचे नाव बदलले, तरी लाखेचे काम तेथे चालूच आहे.

डहाळ्यांवरून खरवडलेली लाख कुटून, चाळून, पाण्यात धुतली की तिच्यातला लाल रंग निघून जातो. याच रंगाला एके काळी, म्हणजे कृत्रिम रंग निघण्यापूर्वी, मोठा भाव होता. अळिता याच लाक्षारसाचा. मागे उरते ती दाणेदार लाख. जुन्या रीतीत हे दाणे कापडाच्या लांबच लांब, अरुंद पिशवीत भरून ती पिशवी कोळशाच्या भट्टीसमोर धरतात आणि एका टोकाने पिळीत जातात. कापडातून गाळून बाहेर येणारी वितळलेली लाख गरम पाण्याने भरलेल्या गोल भांड्यावर पसरतात. मग एक कारागीर तो मऊ पापुद्रा उचलून, हातांनी, पायांनी आणि दातांनीही ताणीत भट्टीच्या धगीसमोर त्याची पातळ चादर करतो. ती थंड झाली की मोडून तिचे कपचे करतात. हाच चपडा. यंत्रांनी आता पुष्कळ ठिकाणी या माणसाची जागा घेतली आहे. पण हातचा चपडा पाहिलेला पॉलिशवाला तो उजेडासमोर धरून रंग पारखल्याशिवाय अजूनही घेत नाही.

या चपड्याचे एक नाते थेट ध्वनिमुद्रणाशी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः लाखेच्या बळावर तयार होत. दगडाची पूड, काजळी आणि लाख यांचे ते मिश्रण असे. एका पिढीने जे गाणे ऐकले त्यातले बरेचसे, अशा रीतीने, पळसाच्या डहाळीवरून आलेले आहे. ज्या तानपुऱ्याच्या साथीने ते गाणे झाले त्या तानपुऱ्याच्या अंगावरची झळाळीही बहुधा लाखेचीच.

आता प्रत्यक्ष कामाकडे. गुळगुळीतपणा पॉलिशने येतो ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. तो लाकडातच आणावा लागतो आणि पॉलिश तो टिकवते. रंधा मारून झाल्यावर धारदार पोलादी पात्याने लाकूड हलकेच खरवडतात, म्हणजे रंध्याच्या खुणा जातात. मग काचकागद. ८० क्रमांकाच्या भरड कागदाने आरंभ करून १२०, १८० आणि शेवटी २२० किंवा ३२० असे चढत जावयाचे. यातली कोणतीही पायरी गाळता येत नाही. भरड कागदाचे चरे त्याच्या पुढचा कागद काढतो. एकदम तलम कागद घेतला तर तो त्या चऱ्यांच्या कडा तेवढ्या घासतो आणि चरे तळाशी राहतात. कागद सपाट लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून घ्यावा आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवावा. नुसत्या बोटांनी घासले तर लाकडाचा मऊ भाग अधिक झिजतो, कठीण भाग कमी झिजतो, आणि फळी पाण्यासारखी लहरत जाते. आडवा मारलेला एक फटकारा पॉलिशच्या शेवटच्या हातापर्यंत डोकावत राहतो.

पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि पहिल्या हातानंतर लाकूड पुन्हा खरखरीत का झाले म्हणून गोंधळतात. ओल लागली की घासताना दबलेले तंतू उभे राहतात. यावर उपाय असा की, ते पॉलिशपूर्वीच उभे करावे. स्वच्छ फडके पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, त्याने सारे लाकूड पुसून घ्यावे. ते पूर्ण वाळू द्यावे आणि उभे राहिलेले तंतू तलम कागदाने अगदी हलक्या हाताने कापून टाकावे. दोन वेळा असे केले तर उत्तमच. त्यानंतर खोलीतले मोठे दिवे मालवून एकच दिवा फळीच्या पातळीला, बाजूने धरावा. समोरच्या उजेडात निर्दोष दिसणारी फळी या तिरप्या उजेडात आपले सर्व दोष कबूल करते.

साग आणि शिसव या दोन्ही लाकडांत उघडी छिद्रे असतात. सागात तर ती वर्षागणिक वलयाच्या आरंभी रांगेने येतात. ही छिद्रे बुजल्याखेरीज आरशासारखा पृष्ठभाग मिळत नाही. नुसत्या लाखेने ती भरावयाची म्हटले तर थरावर थर चढवावे लागतील आणि पुढे लाख आकसली की छिद्रांच्या जागी पुन्हा खळगे पडतील. म्हणून खडूची पूड, तिला लाकडाशी जुळता रंग आणण्यापुरता गेरू किंवा पिवडी, आणि पातळ पॉलिश अशी लांबी कालवून ती रेषेच्या आडवी चोळतात. उरलेली लांबी आडव्या दिशेनेच पुसावयाची, म्हणजे छिद्रांत बसलेली बाहेर ओढली जात नाही. रंग जुळवण्यात कुचराई झाली तर काही महिन्यांनी सागाच्या अंगावर बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. त्या मग कोणत्याही पॉलिशने झाकल्या जात नाहीत.

लाकडाला रंग देण्याविषयी येथे दोनच शब्द. आंब्याच्या फिक्या लाकडाला थोडी रंगछटा दिली तर ते खुलते. पण आल्लापल्लीच्या जंगलातला सोनेरी साग आणून तो शिसवीसारखा काळाकुट्ट करावयाचा, ही हौस महागडी तर आहेच, शिवाय अरसिकही आहे. फणसाचे पिवळे लाकूड तर उजेडात आपोआप गहिरे होत जाते. त्याला काही वर्षे द्यावीत.

पॉलिश तयार करणे अवघड नाही. एक लिटर स्पिरिटात पहिल्या हातांसाठी सुमारे १२० ग्रॅम आणि पुढच्या हातांसाठी दुप्पट चपडा, असे साधारण प्रमाण चालते. चपडा बारीक करून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घालावा. लोखंडी भांड्यात लाखेचा रंग काळवंडतो. रात्रभर झाकून, मधूनमधून ढवळले की तो विरतो. मग मलमलीतून गाळून घ्यावा. कोणी त्यात चकाकीसाठी चंद्रस घालतात, कोणी स्वस्ताईसाठी राळ. राळेने झिलई चटकन येते आणि तितक्याच चटकन तडकते. तयार पॉलिशचेही आयुष्य ठरलेले असते. लाख आणि स्पिरिट यांची एकमेकांवर सावकाश रासायनिक क्रिया होत राहते, आणि सहा महिने-वर्षभर पडून राहिलेले पॉलिश लाकडावर चढते खरे, पण कडक होत नाही. उन्हाळ्यात त्यावर ठेवलेले वर्तमानपत्र चिकटून बसते. जुन्या बाटलीचा एक थेंब काचेवर टाकून दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहावा. नख रुतले तर ती बाटली फेकून देण्याच्या लायकीची समजावी.

ब्रशाने लाख लावता येते. बोळ्याने ती चढवता येते. कापसाचा मूठभर गोळा आणि त्याभोवती पुष्कळदा धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा, एवढेच हे साधन. कापड जुने असावे, कारण नव्याचे तंतू सुटतात. खालच्या बाजूस एकही सुरकुती नसावी, कारण प्रत्येक सुरकुती लाकडावर रेघ ओढते. बोळा पॉलिशमध्ये बुडवावयाचा नसतो. कापड उघडून पॉलिश आतल्या कापसावर ओततात, पुन्हा बांधतात आणि कागदावर दाबून पाहतात. दाबाबरोबर कापडातून ओल झिरपावी, ठिबकू नये. पुढचे सारे काम या झिरपण्यावर चालते. बोळा ओला असताना दाब हलका आणि तो सुकत जाईल तसा दाब वाढता, हे प्रमाण पुस्तकात वाचून येत नाही. मनगटाला ते समजावे लागते.

बोळा लाकडावर थांबता कामा नये, हा या कामातला पहिला आणि बहुधा शेवटचाही नियम. कडेबाहेरून तो चालत्या गतीने फळीवर उतरतो आणि तसाच चालत दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. मध्येच थबकला तर त्यातले स्पिरिट खालचा थर विरघळवते आणि कापडाची वीण तेथे उमटते. प्रथम लहान लहान वर्तुळे, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळसे, मग रेषेच्या दिशेने सरळ हात. वळसे बदलत राहण्याचे कारण असे की, एकाच मार्गाने बोळा फिरला तर त्या मार्गाचे वरंबे तयार होतात. बोळा ओढू लागला, म्हणजे चिकटू लागला, की त्याच्या बुडाला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावतात. तो थेंबच असावा. तेलाने काम सुखाचे होते आणि चकाकीही तत्काळ दिसते, म्हणून नवशिका सढळ हाताने तेल वापरतो. पुढे ते तेल थराखालून वर येते आणि पृष्ठभागावर धुके धरते.

आठ-दहा हातांनंतर विश्रांती. ती कारागिराला नव्हे, लाखेला. वरचा थर काही मिनिटांत कोरडा लागतो, पण आत अडकलेले स्पिरिट सावकाश जाते आणि ते जाताना थर खाली बसतो. रात्रभर थांबून, अगदी तलम झिजलेल्या कागदाने वरचे कण काढून, पुन्हा हात सुरू करावयाचे. एका मेजाच्या फळीवर असे तीन-चार दिवस सहज जातात. शेवटी नव्या बोळ्यावर केवळ स्पिरिटाची ओल घेऊन, तीही जवळजवळ सुकलेली, अतिशय हलके आणि सरळ हात मारतात. राहिलेले तेल त्याने उचलले जाते आणि खरी झळाळी वर येते. ओल किंचित अधिक झाली तर तीन दिवसांचे काम एका फटक्यात उखडते. म्हणून पुष्कळ उस्ताद हा हात शिकाऊ मुलाला देत नाहीत.

हवेचाही या कामाशी फार जवळचा संबंध आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली वाफ त्या थंडाव्यावर धरते, लाखेत अडकते आणि सारे काम दुधासारखे पांढरे पडते. कोरड्या दिवसाची वाट पाहून, स्पिरिटाच्या जवळजवळ सुक्या बोळ्याने हलका हात दिला तर हा पांढुरकेपणा बहुधा निघतो. पण शहाणा माणूस श्रावणात पॉलिश काढतच नाही. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या वैशाखात अडचण उलटी असते. तेथे स्पिरिट इतके झपाट्याने उडते की बोळा फळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत कोरडा पडतो. अशा दिवसांत सकाळची वेळ धरावी आणि पंखा बंद ठेवावा.

पंखा बंद ठेवावा हे सांगणे सोपे. त्या बंद खोलीत बसून दिवसभर स्पिरिटाची वाफ हुंगणाऱ्या माणसाचा विचार मात्र क्वचित होतो. पॉलिशचे स्पिरिट पिता येऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांतल्या मिथिल अल्कोहोलने दृष्टी जाते, प्राणही जातो. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने अशा स्पिरिटावरही नियंत्रण आले, त्याचे कारण हेच की, व्यसनापायी तेही पिणारी माणसे होती. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात, म्हणजे वाफ जाईल आणि झोत मात्र येणार नाही अशा बेताने. जवळ विडी, शेगडी किंवा समईसुद्धा नसावी. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळता वाळता ते तेल स्वतःच तापते आणि ढिगाला आपोआप आग लागल्याची उदाहरणे आहेत. ती फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

कामाचा दर बहुतेक ठिकाणी चौरस फुटाप्रमाणे ठरतो, आणि घासाघीस होते तीही त्याच आकड्यावर. दर उतरला की कारागीर लाख कमी करीत नाही. तो विश्रांतीची रात्र गाळतो, कागदाची एक पायरी गाळतो, लांबी एकदाच भरतो. सामान घरात येते तेव्हा सर्व काही चकचकीत असते. वर्षाने थर खाली बसतो, छिद्रे उघडी पडतात, आणि यजमान लाखेला नावे ठेवतो.

लाखेत उणिवा नाहीत असे नाही. तापलेले पातेले किंवा चहाचा गरम पेला तिच्यावर पांढरे वर्तुळ उमटवतो, कारण लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सियसलाच वितळू लागते. पाणी साचून राहिले तर डाग पडतो. स्पिरिट सांडले तर थरच जातो. जेवणाच्या मेजाला म्हणूनच लाखेचे पॉलिश करू नये. तेथे हल्लीची पॉलियुरेथेनची कठीण झिलई अधिक टिकते, आणि ती वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फवाऱ्याने मारावयाच्या तिच्या दुहेरी मिश्रणात आयसोसायनेट नावाची, फुप्फुसांना अपाय करणारी द्रव्ये असतात. ती मारणाऱ्या माणसाला तोंडावर नुसते फडके बांधून उभे करू नये, एवढे तरी पाहावे.

परंतु कपाटे, आरामखुर्च्या, देव्हारे, पुस्तकांच्या मांडण्या यांची गोष्ट वेगळी. कठीण झिलईला तडा गेला की ती खरवडून मुळापासून नवी करावी लागते. लाखेच्या नव्या हातातले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एक होतात. जोड दिसत नाही. आजोबांच्या कपाटावर नातवाने दिलेला हात त्याच थरात मिसळून जातो. आज पुष्कळ घरांत अशी सागाची, शिसवीची जुनी कपाटे 'नवी' करून देण्याचा सल्ला मिळतो आणि त्या भरात यंत्राने घासून साठ-सत्तर वर्षांचा सोनेरी रंग एका दुपारी भुकटी होऊन उडतो. एकदा गेलेला तो रंग कोणत्याही डब्यातून परत येत नाही.

तेव्हा यंत्र लावू देण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. कपाटाच्या मागच्या अंगाला, नजरेआड असलेल्या जागी, कापसावर स्पिरिटाचे दोन थेंब घेऊन मिनिटभर टेकवून ठेवावे. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसावर तांबूस रंग उतरला तर ते पॉलिश लाखेचे आहे. काहीच झाले नाही तर दुसरे काही. लाखेचे निघाले तर कोमट पाण्यात साबणाचा अंश घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने वर्षांचा मळ प्रथम काढावा आणि लगेच कोरडे पुसावे. पुष्कळदा असे आढळते की, काळे पडलेले पॉलिश काळे पडलेले नसतेच. त्यावर स्वयंपाकघराचा धूर, हातांचे तेल आणि धूळ यांचे पूट असते. ते गेल्यावर जेथे थर झिजला असेल, बहुधा मुठीजवळ आणि दाराच्या खालच्या कडेला, तेवढ्याच जागी पातळ पॉलिशचे चार-पाच हात द्यावेत, रात्रभर थांबावे, आणि मग उरलेल्या भागाला काही करावयाचे आहे का, ते सकाळच्या उजेडात ठरवावे.